धरणाचा घसारा कोणाच्या खाती?

पावसाळा स्थिरावला, की नगर जिल्ह्यातील वर्तमानपत्राचा वाचक रोज सकाळी प्रथम एक आकडा शोधतो. मुळा धरणात काल किती पाणी आले आणि साठा किती टक्क्यांवर पोचला, हा तो आकडा. साखर कारखान्यातील कारकून, राहुरीच्या पेठेतील अडत्या, नेवासे तालुक्यातील ऊस-बागायतदार आणि नगर शहरात नळाच्या पाण्याची वाट पाहणारी गृहिणी, या सर्वांच्या वर्षाचे अंदाजपत्रक त्या आकड्यावर बेतलेले असते. धरण भरत आले, की दरवाजे उघडतात, लोकप्रतिनिधींच्या हस्ते जलपूजन होते, आणि येत्या रविवारी आसपासच्या गावांतील कुटुंबे डबे बांधून तो देखावा पाहण्यास निघतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास हाच आकडा पुन्हा गाजू लागतो. कारण २००५ च्या कायद्यातील समन्यायी वाटपाच्या तरतुदीनुसार खालच्या जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून किती पाणी सोडावयाचे, यावरून नगर-नाशिक आणि मराठवाडा यांच्यात वाद उभा राहतो.

या साऱ्या गदारोळात पाण्याचा थेंब न् थेंब मोजला जातो. ते पाणी अडवून धरणारी वस्तू मात्र चर्चेत कधीच येत नाही. धरण ही जणू डोंगरासारखी निसर्गाने दिलेली आणि कायम टिकणारी गोष्ट आहे, असे सारेच गृहीत धरून चालतात. वस्तुतः मुळा धरण हा डोंगर नव्हे. तो माणसांनी थरावर थर रचून उभारलेला मातीचा भराव आहे आणि त्याने वयाची पन्नाशी ओलांडली आहे.

हरिश्चंद्रगडाच्या परिसरात उगम पावणारी मुळा नदी अकोले, संगमनेर आणि पारनेर तालुक्यांतून वाहत राहुरी तालुक्यात येते. तेथे बारागाव नांदूर येथे तिला हे धरण घातलेले आहे. ते १९७२ च्या सुमारास पूर्ण झाले. त्याची उंची सुमारे ४८ मीटर, लांबी सुमारे २,८५६ मीटर आणि एकूण साठवण क्षमता २६ टीएमसी, म्हणजे २६ अब्ज घनफूट. त्यापैकी साडेएकवीस टीएमसी साठा उपयुक्त आणि साडेचार टीएमसी मृत साठा समजला जातो. पुराचे पाणी सोडण्यासाठी सांडव्याला ११ दरवाजे आहेत. दोन्ही तीरांवरील कालव्यांनी राहुरी, नेवासे, शेवगाव आणि पाथर्डी या तालुक्यांतील जमिनीचे आणि माणसांचे रूप पालटले. जलाशयाला ‘ज्ञानेश्वर सागर’ हे नाव मिळाले, तेही या प्रदेशाच्या परंपरेला साजेसेच आहे. धरणाच्या खाली नदी राहुरीवरून वाहत पुढे नेवासे तालुक्यात प्रवरेला मिळते. नदीच्या काठाने वसलेल्या साऱ्या गावांच्या उशाशी हा पाऊण शतकाकडे वाटचाल करणारा भराव उभा आहे.

मुळा धरण आज धोक्यात आहे, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. योग्य देखभाल असेल, तर मातीचे धरण शंभर वर्षेही निर्वेध काम करते. प्रश्न आहे तो ‘देखभाल असेल, तर’ या तीन शब्दांचा, आणि त्या शब्दांसाठी लागणारा पैसा कोणी कोणत्या खात्यावर टाकावयाचा याचा.

माती पाणी कशी अडवते

दगडी धरण आपल्या वजनाने उभे राहते. मातीचे धरण त्याहून निराळ्या तत्त्वावर चालते. त्याच्या पोटात चिकण मातीचा गाभा असतो. पाणी अडविण्याचे मुख्य काम तोच करतो. गाभ्याच्या दोन्ही बाजूंना मुरमाचे जाड कवच असते. त्याचे काम गाभ्याला आधार देण्याचे. पाण्याकडील उतारावर लाटांनी माती धुपू नये म्हणून दगडांचे अस्तर बसवितात. गाभ्याच्या खाली पायामध्ये खंदक खणून तोही चिकण मातीने भरलेला असतो. खालच्या अंगाला वाळू आणि खडी यांचे गाळणीचे थर असतात आणि पायथ्याशी दगडांचा बांध. या दगडी पायथ्यातून मुरलेले पाणी निमूटपणे बाहेर पडावे, अशी योजना असते.

‘मुरलेले पाणी’ हे शब्द वाचून सामान्य वाचक दचकेल. परंतु पाझरत नाही असे मातीचे धरण जगात नाही. पाझर थांबविणे हे अभियंत्याचे उद्दिष्ट नसतेच. पाझराला ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या प्रमाणात आणि मातीचा एकही कण बरोबर न घेता बाहेर आणणे, हे त्याचे उद्दिष्ट असते. पाझराचे पाणी नितळ असेल आणि त्याचे प्रमाण जलाशयाच्या पातळीनुसार कमीअधिक होत असेल, तर धरणाची प्रकृती ठीक आहे असे मानतात. तेच पाणी एखाद्या दिवशी गढूळ झाले, तर धरणाच्या पोटातील माती वाहू लागली असे समजावे. मातीचा कण निघाला, की तेथे पोकळी होते. पोकळीत पाण्याचा वेग वाढतो, आणि वाढलेला वेग आणखी माती ओढून नेतो. खालून वर, धरणाच्या पायथ्याकडून जलाशयाकडे अशी नळी पोखरत जाते. ती पाण्यापर्यंत पोचली, की मग उपायाला तासांचाच अवधी उरतो. अमेरिकेतील आयडाहो राज्यातील टिटन धरण ५ जून १९७६ रोजी असेच फुटले. सकाळी गळती वाढल्याचे दिसले आणि दुपार होण्यापूर्वी धरण गेले. ते तर अगदी नवे, प्रथमच भरत असलेले धरण होते.

मातीच्या धरणाचा दुसरा शत्रू म्हणजे माथ्यावरून वाहणारे पाणी. दगडी धरणावरून पाणी ओसंडले तरी ते काही काळ तग धरू शकते. मातीच्या भरावावरून पाणी गेले, तर भराव विरघळावा तसा कापला जातो. म्हणूनच सांडवा पुरेसा मोठा असणे आणि दरवाजे ऐन वेळी उघडणे, या दोन गोष्टींवर अशा धरणाचा प्राण अवलंबून असतो. अर्ध्या शतकापूर्वी आखलेल्या धरणांचे महापुराचे हिशेब त्या वेळी हाती असलेल्या पावसाच्या नोंदींवर केलेले आहेत. पुढच्या पन्नास वर्षांच्या नोंदी आता उपलब्ध आहेत. तेव्हा ते गणित पुन्हा मांडून पाहणे, हा देखभालीचाच एक भाग ठरतो.

वैशाखातील हिरवळ

धरणावर सहलीसाठी गेलेल्या माणसाची नजर आणि धरणाची देखरेख करणाऱ्याची नजर यांत किती अंतर असते, हे एका साध्या उदाहरणावरून ध्यानात येईल. वैशाखात साऱ्या माळावर गवताची काडी उरलेली नसते. अशा वेळी भरावाच्या खालच्या उतारावर कोठे हिरवेगार गवताचे बेट दिसले, तर सहलीला आलेले कुटुंब तेथे चादर अंथरील. अनुभवी शाखा अभियंता मात्र तेथेच थबकेल, आणि गेल्या वर्षी या जागी हिरवळ होती काय, हे वहीत पाहील. उन्हाळ्यातील ती हिरवळ म्हणजे पाणी ठरलेली वाट सोडून बाहेर येत असल्याची खूण असू शकते.

भरावावरील झाडांचेही असेच आहे. धरण रम्य दिसावे म्हणून उतारावर झाडे लावावीत, ही सूचना नेहमी होते. वेडी बाभूळ तर न लावताच उगवते. परंतु झाडाची मुळे भरावात खोल जातात आणि झाड मेले, की कुजलेल्या मुळाच्या जागी पाण्याला आयती वाट मिळते. दाट झुडपांखाली ओल दिसत नाही, भेग दिसत नाही आणि घुशी, साळिंदर यांची बिळेही दिसत नाहीत. म्हणून भरावाचा उतार नेहमी उघडा, फक्त आखूड गवताने झाकलेला असावा, असा जगभरचा नियम आहे. पाहणाऱ्याला तो उजाड वाटला तरी हरकत नाही. बाग करावयाची, तर ती भरावापासून दूर करावी. पैठणच्या जायकवाडी धरणाजवळचे ज्ञानेश्वर उद्यान लोकांना आवडते. सौंदर्य आणि सुरक्षितता यांना वेगवेगळी जागा दिली, तर दोन्ही सुखाने नांदू शकतात.

नगरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात आणखी एक काळजी असते. काळी चिकण माती ओली झाली की फुगते आणि वाळली की तडकते. शेतातल्या उन्हाळी भेगांत गुराचा पाय अडकतो, हे येथील शेतकऱ्याला सांगावयास नको. सलग दोन वर्षे पाऊस कमी झाला आणि जलाशय तळाला गेला, तर भरावाच्या वरच्या भागातील माती सुकते. त्यानंतर एखाद्या वर्षी धरण झपाट्याने भरले, तर त्या सुकलेल्या भागाची कसोटी लागते. पाणी फार वेगाने उपसले गेले, तरी आतला उतार ओल्या वजनाने घसरण्याची भीती असते. दुष्काळ आणि पूर यांची आलटूनपालटून येणारी पाळी शेतीला जशी जाचक, तशीच मातीच्या धरणालाही जाचक असते.

या सर्व खुणा ओळखण्यासाठी फार महागड्या यंत्रांची आवश्यकता नसते. पाझराचे पाणी मोजण्याची त्रिकोणी खाच, भरावातील पाण्याचा दाब दाखविणारी उपकरणे, माथा खचतो काय हे पाहण्याचे खुणेचे दगड, एक वही, आणि दररोज भरावावरून पायी फिरणारा एक माणूस, इतकी ती सामग्री आहे. त्यांपैकी पहिल्या चार वस्तू एकदा विकत घेता येतात. पाचव्याला दरमहा पगार द्यावा लागतो, आणि खर्चात कपात करावयाची वेळ आली, की कात्री प्रथम तेथेच लागते.

जिल्ह्याच्या स्मृतीत

भराव फुटला म्हणजे काय होते, हे या जिल्ह्याला चार शतकांपूर्वीच ठाऊक झाले होते. नगरजवळ भातोडी येथे निजामशाहीच्या काळातील तलाव आहे. १६२४ साली याच भातोडीच्या परिसरात मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. त्या लढाईत त्याने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीभोवती चिखल आणि पाणी करून सोडले, असे इतिहास सांगतो. शहाजीराजांचे बंधू शरीफजी याच रणात पडले. अडविलेले पाणी हे संपत्तीही असते आणि शस्त्रही असते, याचा याहून बोलका दाखला सापडणे कठीण. मलिक अंबरने ते शस्त्र जाणूनबुजून वापरले. निष्काळजीपणा तेच शस्त्र अजाणता उपसतो.

पुढे ब्रिटिश अमदानीत दुष्काळाशी झुंजताना या जिल्ह्यात पाटबंधाऱ्यांची मोठी कामे झाली. श्रीगोंदे तालुक्यातील हंगा नदीवरचा विसापूर तलाव १९२७ साली पुरा झाला. त्याचाही बांध मातीचाच आहे. त्याच्या एक वर्ष आधी, १९२६ साली, प्रवरेवरील भंडारदऱ्याचे विल्सन धरण पूर्ण झाले. ते दगडी असून सुमारे ८२ मीटर उंच आहे, आणि त्याच्या अंब्रेला धबधब्यापाशी पावसाळ्यात पर्यटकांची रीघ लागते. हे धरण भक्कमपणाचा नमुना मानले जात असे. तथापि १९६९ साली त्याच्या बांधकामात भेग पडून गळती वाढल्याचे आढळले, आणि पुढे मागच्या बाजूने टेकूच्या भिंती बांधून ते मजबूत करावे लागले. दगडी धरण त्रेचाळीस वर्षांत दुखणाईत होऊ शकते, हे तेव्हा दिसले. दुखणे वेळीच ओळखले आणि औषधोपचारावर खर्च केला, तर ते पुन्हा कामाला लागते, हेही दिसले. भंडारदऱ्याचा हा धडा भीतीचा नसून आशेचा आहे. परंतु धबधबा पाहून परतणाऱ्या हजारोंपैकी किती जणांना त्या टेकूच्या भिंतींचा अर्थ ठाऊक असेल?

पानशेत ते तिवरे

जेथे वेळीच ओळखले गेले नाही, तेथील इतिहास महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले. काम अपुरे असतानाच पहिल्या पावसाळ्यात त्यात पाणी साठविले गेले होते. त्या लोंढ्याने खालचे जुने खडकवासला धरणही फोडले आणि पुण्याचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला. गुजरातेत मोरबीजवळचे मच्छू-२ धरण मुळा धरणाच्याच वयाचे, १९७२ चे. ११ ऑगस्ट १९७९ रोजी त्याच्या सांडव्याच्या आखीव क्षमतेच्या कितीतरी पट पूर आला. पाणी मातीच्या बाजूंवरून ओसंडले आणि हजारो माणसे प्राणांस मुकली.

या दोन घटनांना फार काळ लोटला, असे म्हणून निश्चिंत राहण्याचीही सोय नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण फुटले आणि धरणाखालची वाडी झोपेतच वाहून गेली. सुमारे वीस माणसे दगावली. धरण २००० साली पूर्ण झालेले, म्हणजे अवघे वीस वर्षांचेही नव्हते. गळतीच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. दुर्घटनेनंतर राज्याच्या तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखविले आणि त्या विधानाची राज्यभर थट्टा झाली.

थट्टा झाली ती योग्यच. पण तिच्यामागचे कारण नीट तपासले गेले नाही. प्राणी मातीच्या भरावात बिळे करतात आणि त्यांतून गळती सुरू होऊ शकते, ही गोष्ट शास्त्राला मान्य आहे. म्हणूनच तर भरावावर रोज फिरणारा माणूस नेमावयाचा असतो. खेकडा बीळ करतो तो एका रात्रीत धरण फोडीत नाही. बीळ दिसणे, त्याची नोंद होणे, नोंद वरच्या कार्यालयात जाणे, अंदाजपत्रक मंजूर होणे आणि पावसाळ्यापूर्वी दुरुस्ती होणे, या साखळीतील प्रत्येक कडी त्या खेकड्यापेक्षा वेगाने हलली असती, तर वाडी वाचली असती. दोष खेकड्याच्या पदरात टाकणे म्हणजे ही साखळी विसरणे होय.

हिशेबातील उणीव

येथे प्रश्न अभियांत्रिकीचा न राहता अर्थशास्त्राचा होतो. नगर जिल्ह्याला या बाबतीत एक मोठा मान आहे. धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभांची पाहणी केली. तिचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. कालव्याचा लाभ केवळ पाणीपट्टीत मोजू नये. वाढलेले पीक, वाढलेली मजुरी, वाढलेला व्यापार हाही लाभच होय, ही दृष्टी अशा अभ्यासांनी रुजविली. त्याच प्रवरेच्या काठी पुढे लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि अप्रत्यक्ष लाभ म्हणजे काय, हे देशाला दिसले.

लाभाची बाजू अशी विस्ताराने मांडली गेली. खर्चाच्या बाजूला मात्र एक मोठी जागा कोरीच राहिली. ती जागा घसाऱ्याची. कोणत्याही कारखान्याच्या ताळेबंदात यंत्रसामग्रीचा घसारा दरवर्षी लिहिला जातो. यंत्र आज चालत असले तरी ते झिजत आहे, आणि त्या झिजेची तरतूद आजच्या उत्पन्नातून केली पाहिजे, हे वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. सरकारी हिशेब मात्र प्रत्यक्ष रोख जमा-खर्चावर चालतो. धरण बांधताना झालेला खर्च भांडवली खाती एकदा पडतो, आणि त्यानंतर ते धरण कितीही झिजले तरी त्या झिजेची नोंद कोठेही होत नाही. दुरुस्ती-देखभालीचा पैसा महसुली खर्चातून यावा लागतो. तेथे पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांची रांग पुढे असते. जे झिजताना दिसत नाही आणि कागदावरही उतरत नाही, त्यासाठी मागणी करणार कोण?

त्यात भर पडते ती श्रेयाच्या प्रश्नाची. नव्या धरणाचे भूमिपूजन होते, कोनशिला बसते, छायाचित्र छापून येते. गाळणीचा थर साफ केला, बिळे बुजविली किंवा दरवाजाला वंगण घातले, म्हणून कोणाची कोनशिला बसत नाही. यशस्वी देखभालीचे फळ हे, की काहीच घडत नाही, आणि ‘काहीच घडले नाही’ ही बातमी होऊ शकत नाही.

तिसरी गोष्ट न्यायाची. धरणाचा लाभ कालव्यावरच्या शेतकऱ्याला, कारखान्याला आणि शहराला मिळतो. धोका नदीकाठच्या माणसाच्या वाट्याला येतो. पूररेषेत झोपडी बांधून राहणारा मजूर, नदीपात्रात गुरे नेणारा गुराखी, काठावरच्या वस्तीतील म्हातारी, यांच्या घरात कालव्याचे पाणी गेलेले असतेच असे नाही. ज्यांचा लाभ त्यांच्या खाती धोका नाही, आणि ज्यांचा धोका त्यांच्या हाती निर्णय नाही, अशा ठिकाणी बाजारव्यवस्था आपोआप योग्य खर्च करील, ही आशा व्यर्थ होय. तेथे शासनालाच तो भार उचलावा लागतो.

‘धोका हजारात एक’ असे म्हणून पुष्कळदा विषय संपविला जातो. समजा, तो आकडा खरा आहे आणि एखादे धरण एका वर्षात फुटण्याचा संभव हजारात एकच आहे. महाराष्ट्रात मोठी धरणे दोन हजारांहून अधिक आहेत. मग या गृहीतावर सरासरीने दरवर्षी दोन धरणे फुटावयास हवीत. प्रत्यक्षात तसे घडत नाही, याचे श्रेय बांधणाऱ्यांना आणि राखणाऱ्यांना आहे. परंतु हे गणित एवढेच शिकविते, की एका धरणाच्या बाबतीत नगण्य वाटणारा धोका दोन हजार धरणांच्या राज्याला नगण्य मानता येत नाही.

कायदा आणि कायद्याबाहेरचे

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. नाशिक येथे राज्याची धरण सुरक्षितता संघटना १९८० पासून काम करीत आहे. संसदेने संमत केलेला धरण सुरक्षितता कायदा ३० डिसेंबर २०२१ पासून अमलात आला. पंधरा मीटरहून उंच अशा सर्व धरणांना, तसेच दहा ते पंधरा मीटर उंचीच्या काही धरणांना तो लागू आहे. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी, आणीबाणीच्या प्रसंगाचा कृती आराखडा, स्वतंत्र तज्ज्ञांकडून सर्वंकष मूल्यमापन, आणि देखभाल-दुरुस्तीसाठी पुरेसा निधी राखून ठेवणे, ही कर्तव्ये या कायद्याने धरणाच्या मालकावर टाकली आहेत. आराखडा आणि पहिले मूल्यमापन यांसाठी दिलेली मुदत पाच वर्षांची आहे. निधी राखून ठेवण्याची तरतूद अर्थशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची होय. घसाऱ्याची कोरी जागा भरण्याची ती पहिली संधी आहे.

तथापि कायद्याच्या कक्षेबाहेर फार मोठा संसार उरतो. १९७२ च्या दुष्काळात आणि नंतरच्या रोजगार हमीच्या काळात नगर जिल्ह्यात गावोगाव पाझर तलाव झाले. भुकेल्या हातांना काम देणे, हा त्यांचा पहिला हेतू होता, आणि तो त्यांनी पार पाडला. त्यांचेही भराव मातीचेच, आणि त्यांचेही वय पन्नाशीचे. उंची कमी म्हणून कायदा त्यांना सहसा लागू होत नाही. त्यांच्या खालच्या वाडीला मात्र दहा मीटरांचा लोंढाही पुरेसा असतो.

काय करता येईल

पहिली गोष्ट माहितीची. पावसाळ्यापूर्वीच्या आणि नंतरच्या तपासणीचा गोषवारा साध्या मराठीत धरणाखालच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला पाहिजे. पाण्याचा साठा रोज जाहीर होतो. मग पाझराचा आकडा महिन्यातून एकदा जाहीर करण्यास अडचण कोणती? आकडा वाचता येऊ लागला, की लोक प्रश्न विचारतील, आणि प्रश्न विचारले गेले, की उत्तर देणारे पदही रिक्त ठेवणे कठीण जाईल.

दुसरी गोष्ट पैशाची. राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने पाण्याचे दर देखभाल आणि व्यवस्थापनाचा खर्च निघावा या तत्त्वावर ठरवावयाचे, असे धोरण आहे. मग वसूल झालेल्या पाणीपट्टीचा ठरावीक हिस्सा त्याच धरणाच्या खात्यावर वेगळा राखला पाहिजे. थकबाकीदारालाही त्यामुळे कळेल, की त्याने बुडविलेला पैसा कोठल्याशा तिजोरीचा नसून आपल्याच उशाशी असलेल्या भरावाचा होता. पर्यटनातून मिळणारे उत्पन्नही प्रथम कुंपण, पायवाट आणि पहारेकरी यांवर खर्च व्हावे. माथ्यावरून गाड्या नेणे, उतारावरून आडवाटेने उतरणे, अस्तराचे दगड उचलून पाण्यात भिरकावणे, या सहलीतील गमती नव्हेत. प्रत्येक चाकोरी आणि प्रत्येक आडवाट पुढच्या पावसात ओघळ होते.

तिसरी गोष्ट सरावाची. दरवाजे उघडण्यापूर्वी नदीकाठी भोंगा वाजतो, इतके पुरेसे नाही. भोंगा वाजल्यावर कोणत्या वाडीने कोणत्या उंचवट्यावर जावयाचे, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला कोणी उचलावयाचे, शाळेची किल्ली कोणाकडे, हे वर्षातून एकदा तरी प्रत्यक्ष करून पाहिले पाहिजे. राहुरी, नेवासे येथील महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना श्रमसंस्काराची शिबिरे नवी नाहीत. त्यांतील एक दिवस या कामी लागला, तर तो वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.

पुढच्या पावसाळ्यात मुळा धरण पुन्हा भरत येईल, पुन्हा जलपूजन होईल आणि रविवारी पुन्हा गर्दी जमेल. ती जमावी, पाण्याने भरलेले धरण पाहून आनंद व्हावा, इतका दुष्काळ या जिल्ह्याने सोसला आहे. परंतु त्या गर्दीतील सुशिक्षित माणसाने भरलेल्या पाण्याकडे पाहून झाल्यावर एकदा मागे वळून खालचा उतारही पाहावा. तेथे हातात वही घेऊन चालणारा एखादा चौकीदार दिसला, तर त्याला नमस्कार करावा. तो दिसला नाही, तर त्याची जागा का रिकामी आहे, हे विचारावे.